कुंडीतली माती कडक झाली असेल तर आधी खत थांबवा

नाशिकच्या इंदिरानगरमधल्या एका ताईंनी प्रश्न विचारला आहे. तो आधी थोडक्यात देतो, म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. गच्चीवर दोन अर्धे ड्रम आहेत, एकात लिंबू आणि दुसऱ्यात केसर आंब्याचं कलम. शिवाय बारा इंची कुंड्यांमध्ये कढीपत्ता, जास्वंद आणि मोगरा. चार वर्षांपूर्वी गाळाची काळी माती आणून त्यात एक तृतीयांश शेणखत मिसळून सगळं भरलं. दोन वर्षं झाडं छान होती. आता माती कडक झाली आहे. पाणी घातलं की आधी वर साचतं, मग अचानक कडेने खाली उतरून गच्चीवर येतं. लिंबाची नवी पानं पिवळी पडतात, पण शिरा हिरव्याच राहतात. कढीपत्ता वाढायचा थांबला आहे. कुंडीच्या काठावर पांढरा थर येतो. पाणी बोअरचं. दर महिन्याला दोन मुठी गांडूळखत, मधूनमधून एप्सम सॉल्ट (मॅग्नेशियमचं खत) आणि केळीच्या सालींचं पाणी चालू आहे. विचारलंय ते एवढंच: "दादा, कोणतं खत कमी पडतंय?"

ताई, तुमच्या वर्णनावरून मला खताची कमतरता दिसत नाही. खत पुरेसं आहे, कदाचित जास्तच झालंय. मुळांना हवा मिळत नाहीये, ही खरी अडचण आहे. शेतकऱ्याच्या भाषेत सांगायचं तर तुमच्या कुंडीला वाफसाच येत नाही. पाणी घातलं की चिखल आणि दोन दिवस विसरलं की ढेकूळ, या दोन टोकांच्या मधली जी अवस्था असते तिच्यात मुळी काम करते. ती अवस्था तुमच्या मातीत आता टिकतच नाही. द्राक्षबागेत कुणीही आधी पांढरी मुळी, म्हणजे नवी, अन्नपाणी ओढणारी मुळी, चालू आहे का ते बघतो आणि मगच खताचं बोलतो. कुंडीलाही हाच क्रम लागू आहे. मुळी बंद असताना घातलेलं खत झाडाला मिळत नाही, ते मातीत क्षार होऊन साठतं.

झाड न पाहता उत्तर देतोय, म्हणून आधी एक-दोन गोष्टी तपासून घ्या. जास्वंदाची कुंडी आडवी करा, कडेला हलके ठोके द्या आणि मातीचा गोळा अर्धा बाहेर ओढा. गोळ्याच्या बाहेरच्या अंगाला पांढरट, टणक, टोकाशी ताजी मुळी दिसली तर चिंता कमी. मुळ्या तपकिरी किंवा काळ्या असतील, चिमटीत धरल्यावर साल निसटून आत दोऱ्यासारखा भाग उरत असेल आणि कुबट वास येत असेल तर मुळ्या कुजल्या आहेत. नुसत्या मुळ्यांचंच वेटोळं दिसलं आणि माती फारशी दिसलीच नाही, तर कुंडी लहान पडली आहे. या तिन्ही अवस्थांत झाड वरून सारखंच दिसू शकतं, पानं पिवळी आणि वाढ बंद. उपाय मात्र तीन वेगळे आहेत. म्हणून पानाचा फोटो पाहून खत सांगायला मी नेहमी नकार देतो.

दुसरी तपासणी मातीची. चिमूटभर कोरडी माती बशीत घ्या आणि त्यावर व्हिनेगरचे थेंब टाका. बारीक फसफस झाली, बुडबुडे आले तर मातीत चुनखडी आहे. नाशिककडच्या काळ्या मातीत ती बऱ्याचदा असते. तुमच्या लिंबाची जी खूण तुम्ही लिहिली आहे, नवं पान पिवळं आणि शिरा हिरव्या, ती लोहाच्या कमतरतेची खूण. बहुतेक वेळा लोह मातीत असतंच, पण चुनखडीमुळे मातीचा सामू (पीएच, म्हणजे आम्ल-अल्कलीचा आकडा) वर गेलेला असतो आणि त्या सामूला लोह मुळीला उचलता येत नाही. त्यात बोअरच्या जड पाण्यातलं बायकार्बोनेट रोज थोडी भर घालतं. वर मातीत हवा नाही. म्हणजे तीन बाजूंनी कोंडी. नत्र कमी पडलं असतं तर जुनी, खालची पानं आधी पिवळी झाली असती. मॅग्नेशियम कमी पडलं तरी सुरुवात जुन्याच पानांपासून होते. तेव्हा एप्सम सॉल्टची इथे गरज नव्हती, आणि त्याने क्षारांत भर पडली. ते आजपासून बंद करा.

आता मुळातली गोष्ट. चांगली म्हणून आणलेली माती कुंडीत बिघडते कशी?

गाळाची माती वाईट नाही. 2017 पासून सरकारची 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' योजना आहे. धरण-तलावातला गाळ शेतकरी स्वतः वाहून नेतात आणि हलक्या, मुरमाड रानात तो सोन्याच्या मोलाचा ठरतो. पण शेतात त्या गाळाखाली हात-दोन हात माती असते, तिच्याखाली मुरूम असतो. पाणी खाली ओढलं जातं आणि वरचा थर मोकळा होतो. गांडुळं, पिकांच्या मुळ्या, उन्हाळ्यातल्या भेगा, नांगरट हे सगळं मिळून माती दरवर्षी पुन्हा उघडते. कुंडीत यातलं काहीच नाही. बारा इंच खोल भांडं, खाली छिद्र आणि छिद्राखाली हवा. तिथे पाण्याला खाली ओढणारं कुणी नसतं.

हे प्रत्यक्ष बघायचं असेल तर भांडी घासायचा नवा, जाडसर स्पंज घ्या. पाण्यात पूर्ण भिजवा आणि तळहातावर आडवा धरा. टपकायचं थांबेपर्यंत थांबा. आता तोच स्पंज न दाबता उभा करा. खालच्या टोकातून पुन्हा पाणी गळायला लागेल. कोणत्याही सच्छिद्र वस्तूच्या तळाशी पाण्याचा एक थर धरून ठेवलेला असतो आणि त्याची उंची वस्तूच्या पोकळ्या किती बारीक आहेत यावर ठरते. स्पंज आडवा असताना तो थर जवळजवळ सगळा स्पंज व्यापतो, उभा केला की फक्त खालचा भाग. कुंडीतही तसंच. भरड मिश्रणात हा पाणथळ थर दोन-चार बोटांचा असतो. काळ्या चिकण मातीत तो वीतभर किंवा त्याहूनही उंच जातो, म्हणजे बारा इंची कुंडीत मुळांना कोरडी, हवेशीर जागा जवळजवळ उरतच नाही. उथळ कुंडीत चिकण माती जास्त त्रास देते ती याच कारणाने.

यातूनच आणखी एक गोष्ट निघते आणि ती अनेकांना पटत नाही. तळाला विटांचे तुकडे किंवा खडीचा थर दिल्याने निचरा सुधारत नाही. बारीक मातीतलं पाणी खालच्या भरड थरात सहजी उतरत नाही, वरची माती पूर्ण भरल्यावरच ते सुटतं. त्यामुळे पाणथळ थर होता तेवढाच राहतो, फक्त खडीच्या उंचीइतका वर सरकतो आणि मुळांची जागा तेवढी कमी होते. छिद्रावर एक खापरी किंवा जाळीचा तुकडा ठेवा, माती वाहून जाऊ नये एवढ्यापुरता. विटांचे तुकडे वाया घालवू नका, ते मातीतच मिसळायचे आहेत.

आता तुमचं पाणी कडेने का पळतं ते बघू. काळी माती भिजली की फुगते, वाळली की आकसते. शेतात मे महिन्यात भेगा पडतात, कुंडीत ती भेग माती आणि कुंडीच्या भिंतीच्या मध्ये पडते. पाणी त्या फटीतून सरळ खाली जातं. तुम्हाला वाटतं पाणी झालं, पण गोळ्याचा मधला भाग कोरडाच असतो आणि तळाचा इंचभर भाग सतत ओला. एकाच कुंडीत वर तहान आणि खाली कुजणं, दोन्ही एकदम चालू असतं. कढीपत्त्याचं बहुधा हेच झालंय.

आणि पहिली दोन वर्षं चांगली का गेली? शेणखतामुळे. एक तृतीयांश शेणखत होतं तोवर त्याच्या भरड काड्या-कुड्यांनी मातीत पोकळ्या धरून ठेवल्या. सेंद्रिय पदार्थ कुजत जातो आणि आकाराने कमी होतो. कुंडीतली माती दरवर्षी खाली बसते ती त्यामुळेच. पोकळ्या गेल्या आणि चिकण माती उरली. त्यात दर महिन्याला गांडूळखत. गांडूळखत चांगलंच आहे, पण ते अगदी बारीक असतं. पाण्याबरोबर खाली उतरतं आणि उरल्यासुरल्या पोकळ्यांत बसतं. बंद पडलेल्या मातीवर वरून गांडूळखत देत राहिलात तर माती आणखी बंद होते.

म्हणून माझं सगळं काम एका समजुतीवर चालतं. कुंडी भरल्या दिवसापासून तिच्यातली माती म्हातारी होत जाते. किती वेगाने, ते तुम्ही तिच्यात न कुजणारा, भरड भाग किती घातलाय यावर अवलंबून असतं. भाजीपाल्याला हे फारसं जाणवत नाही, कारण दर हंगामाला आपण माती उपसतोच. झाड मात्र वर्षानुवर्षं त्याच जागी असतं. त्याच्या मातीचा सांगाडा असा हवा की चार-पाच वर्षांनीही तो विरघळलेला नसेल.

नाशिकमध्ये हा सांगाडा कशाचा करायचा? माझ्या पसंतीत पहिला नंबर भट्टीत भाजलेल्या विटांच्या तुकड्यांचा. बांधकामावर तुटक्या विटा सहज मिळतात. हातोडीने फोडून दोन चाळण्यांतून काढायच्या. भुकटी खाली पडू द्यायची आणि ती घ्यायची नाही, हरभऱ्याच्या दाण्यापासून छोट्या बोरापर्यंतचे तुकडे घ्यायचे. वीट स्वतः पाणी धरते आणि दोन तुकड्यांमध्ये हवा राहते. सिमेंटचं प्लास्टर चिकटलेले तुकडे मात्र बाजूला काढा, त्यात चुना असतो आणि आपल्याकडे तो आधीच जास्त आहे. दुसरा नंबर चाळलेल्या मुरमाचा. तो चालतो, पण हातात दाबल्यावर फुटणारा, पिवळट कुजका मुरूम नको, वर्षभरात त्याची माती होते. क्रशरची वाळू वापरायची तर धुऊन आणि चाळून, नाहीतर तिच्यातली दगडाची पूड सगळं बुजवून टाकते. चार मुठी वाळूने काळी माती सुटी होईल असं समजू नका. मिश्रणात अर्ध्याच्या आसपास भरड भाग जाईपर्यंत चिकण माती चिकणच वागते, उलट थोड्या वाळूने ती जास्त घट्ट बसते.

भाताचं तूस हा आपल्या जिल्ह्याला मिळालेला फायदा आहे. इगतपुरी, त्र्यंबककडे भात पिकतो आणि घोटीला भाताच्या गिरण्या आहेत. तूस काळं होईपर्यंत भाजून, राख होण्याआधी पाणी मारून विझवलं की हलका, टिकाऊ आणि हवेशीर भाग तयार होतो. कच्चं तूसही चालतं, पण ते कुजताना मातीतलं थोडं नत्र खातं. कोकोपीट मी कमी वापरतो. त्याची वीट भिजवून दोन-तीन वेळा गोड्या पाण्याने धुऊन पिळून घ्या, कारण कोकोपीटमध्येच क्षार असू शकतात. एकदा खडखडीत वाळलं की ते पुन्हा पाणी धरायला कुरकुर करतं, हेही लक्षात ठेवा. त्यापेक्षा नारळाच्या सोडणाचे बोटाच्या पेराएवढे तुकडे झाडांना जास्त मानवतात.

मोठ्या झाडासाठी माझं मिश्रण साधारण असं असतं: दहा घमेल्यांत तीन घमेली माती, तीन-चार घमेली वीट किंवा मुरूम, दोन घमेली सोडणाचे तुकडे आणि काळं तूस मिळून, आणि उरलेलं पूर्ण कुजलेलं खत. वर दोन मुठी निंबोळी पेंड. हे प्रमाण काही दगडावरची रेघ नाही. गच्चीला दिवसभर ऊन आणि वारा असेल, तुम्ही नोकरीवर जात असाल तर वीट थोडी कमी आणि सोडण थोडं जास्त. सावलीची, पूर्वेची बाल्कनी असेल तर उलट. मातीच लाल, घाटाकडची मिळाली तर लिंबाला बरं, चुनखडीचा प्रश्न सुटतो. पण लाल म्हणजे आपोआप भुसभुशीत असं नाही, तीही घट्ट बसते.

खत पूर्ण कुजलेलं हवं, यावर मी हट्टी आहे. ओलसर खत प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून तीन दिवस ठेवा. उघडल्यावर ओल्या रानासारखा वास आला तर घ्या, आंबूस किंवा नाकात चढणारा वास आला तर ते अजून कच्चं आहे. कच्च्या शेणखताबरोबर हुमणीही येते. पांढऱ्या, इंग्रजी सी अक्षरासारख्या वाकलेल्या अळ्या मुळ्या खातात आणि हिरवं झाड एकाएकी मान टाकतं. भरताना खत हाताने मोकळं करून बघा, अळी दिसली की वेचून काढा. स्वयंपाकघरातला ओला कचरा थेट झाडाच्या कुंडीत पुरू नका, त्याच्यासाठी वेगळा डबा करा. केळीच्या सालींचं पाणी बंद केलंत तरी झाडाचं काही बिघडणार नाही, त्याच साली कंपोस्टमध्ये टाका.

वजनाचंही बोलून टाकतो, कारण गच्ची तुमच्या एकट्याची नसेल. भिजलेली काळी माती लिटरला पावणेदोन किलोच्या आसपास भरते. शंभर लिटरचा अर्धा ड्रम म्हणजे पावणेदोनशे किलो. वरचं मिश्रण तेवढ्याच ड्रममध्ये सव्वाशे-एकशेतीस किलोच्या घरात बसतं. येण्याजाण्याच्या गच्चीचा स्लॅब साधारणपणे चौरस मीटरला दीडशे किलो भार धरून काढलेला असतो. तेव्हा ड्रम मधोमध न ठेवता तुळईवर किंवा भिंतीच्या कडेला ठेवा आणि संख्या वाढवायची असेल तर इमारतीच्या इंजिनिअरला एकदा विचारा.

आता पाणी. बोअरचं पाणी एकदा तपासून घ्या. गंगापूर रोडला यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाचं कृषी विज्ञान केंद्र आहे, कृषी विभागाची माती परीक्षण प्रयोगशाळा आहे, तिथे चौकशी करा. अहवालात विद्युत वाहकता (पाण्यात एकूण क्षार किती ते दाखवणारा आकडा), सोडियम आणि बायकार्बोनेट हे आकडे महत्त्वाचे. आपल्या जिल्ह्यात द्राक्षवाल्यांनी डॉगरिज नावाच्या द्राक्षाच्या खुंटावर (म्हणजे त्याच्या मुळांवर) कलमं करायला घेतली त्यामागे पाण्याची टंचाई आणि हेच क्षार होते. त्यांना मुळी बदलावी लागली, आपल्याला माती बदलता येते एवढं आपलं बरं आहे. जमेल तेवढं महापालिकेच्या नळाचं पाणी झाडांना द्या. आरओचं वाया जाणारं पाणी कुंडीला घालू नका, त्यात क्षार गोळा झालेले असतात. सोसायटीत सॉफ्टनर (जड पाणी मऊ करणारं यंत्र) बसवलेला असेल तर त्याचंही पाणी नको. त्यात सोडियम असतं आणि सोडियम चिकण मातीचे कण सुटे करून तिचा अक्षरशः गारा करतं. एसीचं पाणी चालेल.

काठावरचा पांढरा थर म्हणजे साठलेले क्षार. ते धुऊन काढायचे तर कुंडीतल्या मातीच्या दुप्पट-तिप्पट गोडं पाणी सावकाश आरपार जाऊ द्यावं लागतं. तुमच्या आत्ताच्या मातीतून ते जाणारच नाही, म्हणून आधी माती मोकळी करायची. नंतर दरवर्षी हे काम पावसाळ्यावर सोपवा. पावसाच्या पाण्यात क्षार जवळजवळ नसतातच. जुलैमध्ये कुंड्या उघड्यावर ठेवा, खालच्या ताटल्या काढा आणि कुंडीखाली विटेचे तीन तुकडे देऊन ती उचलून ठेवा, म्हणजे छिद्र मोकळं राहील. माती चांगली असेल तर आपल्याकडच्या श्रावणातल्या झडीने झाड मरत नाही.

सामू खाली आणायला ताक, व्हिनेगर, लिंबाचं पाणी असे उपाय सांगितले जातात. कढीपत्त्याला ताक तर घरोघरी घालतात. ताकाने अपाय नाही, पण मातीत मोकळी चुनखडी असेल तर असं सौम्य आम्ल दोन दिवसांत खर्च होतं आणि सामू पुन्हा होता तिथे. गंधकाचंही तेच, आधी सगळी चुनखडी संपवावी लागेल. अशा वेळी माती बदलणं स्वस्त पडतं. तोवर लिंबाला आधार म्हणून चिलेटेड लोह (मातीत अडकू नये म्हणून दुसऱ्या पदार्थात बांधलेलं लोह) द्यायचं तर पाकिटावर ईडीडीएचए लिहिलेलं बघून घ्या. ईडीटीए प्रकारातलं लोह वरच्या सामूला जमिनीतून टिकत नाही, ते फवारणीला वापरा.

तर आता कामाला कधी लागायचं. मे संपत आलाय. या उन्हात मुळ्यांना हात लावायचा नाही. काळ्या ड्रमची उन्हाकडची बाजू दुपारी इतकी तापते की त्या बाजूची बारीक मुळी भाजून निघते. ड्रमला बाहेरून चुना मारा किंवा गोणपाट गुंडाळा, कुंड्या एकमेकींना खेटून ठेवा, वर हिरवी नेट बांधा. मातीवर दोन-तीन बोटं पालापाचोळा किंवा उसाचं पाचट पसरा, फक्त खोडाला चिकटवू नका. भेगा पडल्यात तिथे काडीने सुटी माती भरा आणि पाणी एकदम न ओतता अर्ध्या तासाच्या अंतराने दोनदा द्या. एवढ्यानेही मधला गोळा भिजायला लागेल. या महिन्यात खत काहीच नको. सामान मात्र आत्ताच गोळा करून ठेवा, पावसात वीट फोडणं आणि तूस भाजणं होत नाही.

जूनचा शेवटचा आठवडा ते जुलै, आभाळ भरलेलं असताना जास्वंद, कढीपत्ता आणि लिंबू घ्या. कुंड्यांतली झाडं पूर्ण बाहेर काढा, बाहेरची दोन बोटं माती काडीने झाडा, गोल फिरलेल्या मुळ्या सिकेटरने कापा, काळ्या पडलेल्या मुळ्या जिवंत भागापर्यंत काढा. लिंबाचा ड्रम दोघांनी आडवा करून तसंच करा. लिंबाला एवढं सोसतं. छिद्रं बघा. ड्रमला फक्त तळाला छिद्रं असतील तर तळापासून बोटभर उंचीवर कडेलाही चार-पाच पाडा, कारण तळाची छिद्रं गच्चीला टेकून बंद होतात. रोप आणलं तेव्हाचा मूळचा चिकट लाल गोळा अजून मध्ये तसाच असेल, रोपवाटिकेतली बरीच रोपं तशा गोळ्यात येतात. बाहेर मोकळी माती आणि आत घट्ट गोळा असला की पाणी गोळ्याला वळसा घालून जातं. तो बादलीत तासभर भिजवून हाताने अर्धा तरी सोडवा. नवीन मिश्रण भरताना पायाने किंवा मुठीने चेपू नका, काडीने पोकळ जागा भरत जा. मुळ्या जेवढ्या कापल्या त्या मानाने फांद्याही हलक्या करा, दहा-पंधरा दिवस आडोशाला ठेवा आणि महिनाभर खत देऊ नका.

आंब्याला मात्र असं सगळं उघडू नका, त्याला मुळ्या हलवलेलं आवडत नाही. त्याची माती पाचरीपाचरीने बदला. ड्रमच्या वर्तुळाचे मनातल्या मनात चार भाग करा. एका भागातली माती काठापासून आत, खोडाच्या वीतभर अलीकडे थांबून, तळापर्यंत खुरप्याने आणि जुन्या करवतीने कापून काढा. त्या जागी नवं मिश्रण भरा. बाकी तीन भाग तसेच. समोरचा भाग थंडी सरल्यावर, फेब्रुवारीत, मोहर नसेल तरच. उरलेले दोन पुढच्या वर्षी. काही आठवड्यांनी नव्या भागात बोट घालून बघा, पांढरी मुळी तिकडे धावलेली दिसेल. ज्यांचे ड्रम इतके जड आहेत की हलवताच येत नाहीत, त्यांनीही हीच पद्धत धरावी.

काढलेली काळी माती फेकू नका. सुकवून, फोडून, चाळून तीच पुढच्या मिश्रणातली तीन घमेली म्हणून वापरता येते. मुळ्यांवर गाठी दिसल्या, म्हणजे सूत्रकृमी (मुळ्यांत शिरणारे सूक्ष्म कृमी) असले, तर ती वेगळी ठेवा. पुढच्या एप्रिल-मेमध्ये ओली करून पारदर्शक प्लॅस्टिकखाली चार ते सहा आठवडे उन्हात तापवा आणि मगच वापरा.

यानंतरची देखभाल फार नाही. वर्षातून दोनदा, पावसाच्या सुरुवातीला आणि थंडी गेल्यावर, वरची दोन-तीन बोटं माती खरवडून काढायची आणि तिथे खत व विटेचे तुकडे निम्मे-निम्मे मिसळून घालायचे. बारा इंची कुंडीतली झाडं दोन-तीन वर्षांनी पूर्ण बदलायची. डिसेंबर-जानेवारीत आपल्याकडे थंडी कडक असते, कढीपत्ता आणि आंबा जवळजवळ झोपलेले असतात. तेव्हा पाणी कमी आणि खत बंद. वाढीच्या दिवसांत शेंगदाणा पेंडीचं पातळ पाणी किंवा लिटरला एक ग्रॅम 19:19:19 (नत्र, स्फुरद, पालाश सारखंच असलेलं विद्राव्य खत), पंधरवड्यातून एकदा, तेही ओल्या मातीत. मोकळ्या मिश्रणातून पाणी आरपार जातं, तसं खतही वाहून जातं. त्यामुळे एकदम भरपूर देण्यापेक्षा थोडं थोडं द्यावं लागतं.

पाणी कधी घालायचं हे वारावर ठरवू नका. तर्जनी दोन पेरं आत घाला, ओल लागली तर त्या दिवशी नको. ड्रममध्ये बोट पुरत नाही, तिथे अगरबत्तीची काडी कोपऱ्यातून वीतभर खोल घालून पाच मिनिटांनी काढा आणि ओली निघते का बघा.

लिंबाची आत्ता पिवळी असलेली पानं बहुतेक हिरवी होणार नाहीत, ती पाहून धीर सोडू नका आणि पुन्हा खताकडे वळू नका. माती बदलल्यावर येणारी दुसरी पालवी बघा, निर्णय तिच्यावरून करायचा. ती हिरवी आली तर चिलेटेड लोहही थांबवा. तीही पिवळी आली तर पाण्याचा अहवाल आणि मुळ्यांचा फोटो पाठवा, मग पाण्याकडे बघावं लागेल. मोगरा आत्ता फुलावर असेल, त्याला या फेरीत घेऊ नका. बहर ओसरला की जुलैअखेर त्याची कुंडी बदला, आणि तोवर त्याला नळाचंच पाणी द्या.